बोट लागणाऱ्या आईला घेऊन व्हिट्संडेला शिडाच्या बोटीने जावं का?

केळफूल (४ जून, रात्री ९:५०)

मंडळी, सल्ला हवाय.

आई सध्या माझ्याकडे मेलबर्नला आहे. वय ७३, तब्येत खणखणीत, फक्त उजवा गुडघा कुरकुरतो. इथल्या थंडीला जाम वैतागलीय. मुलांना जुलैत सुट्टी आहे, तेव्हा चार दिवस क्वीन्सलंडला एअरली बीचला जायचं ठरतंय. तिथून एका दिवसाची शिडाच्या बोटीची सफर असते. सकाळी आठच्या सुमाराला निघायचं, व्हिट्संडे बेटावर व्हाइटहेवनच्या किनाऱ्याला उतरायचं, दोनेक तास वाळूत, जेवण बोटीवर, संध्याकाळी पाच-साडेपाचला परत. बेट निर्मनुष्य आहे. ना दुकान, ना चहा. माणशी दोनशे डॉलरच्या वर जातात. त्याच किनाऱ्यावर वेगवान मोटरबोटीही जातात आणि पुष्कळ लवकर पोचवतात.

अडचण अशी की आईला बोट लागते. लहानपणी आंजर्ल्याहून मुंबईला जायचं म्हणजे हर्णैला आगबोट धरायची नि भाऊच्या धक्क्याला उतरायचं. त्या प्रवासांच्या उलट्यांच्या कथा आमच्या घरात रामायणासारख्या सांगितल्या जातात. त्यात आजीने 'रामदास' आगबोट बुडाल्याची भीती (१७ जुलै १९४७, सहाशेच्या वर माणसं गेली) सगळ्यांच्या डोक्यात पक्की बसवलेली.

नवरा म्हणतो मोटरबोट घे, पटकन सुटका. मला शिडाची हवीय. कारण खरं सांगू, मलाच हवीय.

ज्येष्ठांना घेऊन कुणी गेलंय का? बोटीवर सावली, संडास, पायऱ्या यांचं कसं असतं? गोळी कुठली द्यावी?

---

ब्रिस्बेनकर (४ जून, रात्री १०:३०)

दोनदा गेलोय. एकदा लग्न नव्हतं तेव्हा, एकदा सासू-सासऱ्यांना घेऊन. दुसऱ्या वेळचं उपयोगी पडेल.

पहिलं म्हणजे मोटरबोटीचा विचार सोडा. त्या रबरी काठाच्या, उघड्या, लाटेवरून लाटेवर आपटत जाणाऱ्या बोटी. पाठीचं-मणक्याचं दुखणं असेल किंवा दिवस गेलेले असतील तर येऊ नका, असं ते स्वतःच सांगतात. वेळ वाचतो हे खरं, पण एसटीच्या मागच्या सीटवर बसून कशेडीचा घाट उतरल्यासारखं वाटतं.

शिडाच्या बोटींत दोन जाती आहेत. एक जुन्या शर्यतीच्या नौका. एकच सांगाडा, वारा लागला की कलंडतात आणि तुम्ही वरच्या काठावर पाय सोडून बसायचं. तरण्यांना धमाल, ७३ च्या गुडघ्याला नाही. दुसरी कॅटामरान. दोन सांगाडे, मध्ये रुंद सपाट जागा, कलंडणं जवळजवळ नाहीच. मोठ्या कॅटामरानवर आत बसायला बाकं, छत, दोन संडास. आईंना हीच.

तिकीट काढताना एक गोष्ट विचारा: बोट किनाऱ्याच्या कुठल्या टोकाला नेते? दक्षिणेकडे नेतात तिथे नुसती वाळू नि पाणी, चालायला सपाट. उत्तरेला टंग बे मधून वर चढून हिल इनलेटचा तो प्रसिद्ध देखावा दिसतो, पांढऱ्या वाळूत निळ्या-हिरव्या पाण्याच्या रेघोट्या. तिथे पायऱ्या आहेत आणि ओहोटी असेल तरच मजा. भरतीला गेलात तर नुसतं निळं पाणी बघून याल. (आम्ही भरतीला गेलो होतो.)

---

घाटावरचा (५ जून, सकाळी ७:१०)

कुणीतरी दुसरी बाजूही सांगायला हवी म्हणून लिहितोय.

आम्ही ऑगस्टात गेलो होतो. जाहिरातीत फुगलेली शिडं, हातात ग्लास घेतलेल्या बाया. प्रत्यक्षात जाताना अडीच तास इंजिन. शीड उघडलं ते मोठं, तेसुद्धा नावापुरतं. पैसे शिडाचे, आवाज डिझेलचा. आठ माणसं ओळीने कागदी पिशव्या तोंडाला लावून बसली होती, त्यातला सातवा मी. मी साताऱ्याचा, समुद्राशी माझं देणंघेणं नाही, हे मान्य. पण परत आल्यावर कंपनीला लिहिलं तर उत्तर आलं की 'वारा आमच्या हातात नाही'. अहो, मग जाहिरातीत कुणाच्या हातात होता?

केळफूलताई, नवऱ्याचं ऐका.

---

सुकाणू (५ जून, दुपारी १:२०)

घाटावरचा यांचं दुःख खरं आहे, पण ते का झालं हे कळलं तर केळफूल यांचा प्रश्न निम्मा सुटेल. मी हौशी आहे, शनिवार-रविवार ब्रिस्बेनजवळच्या मोरटन बे मध्ये छोटी बोट हाकतो. व्हिट्संडेला आठवडाभर बोट भाड्याने घेऊनही फिरलोय.

तिथे साधारण एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत आग्नेयेचे व्यापारी वारे वाहतात. शाळेत खारे वारे, मतलई वारे पाठ केले असतील. ते सकाळ-संध्याकाळ दिशा बदलतात. हे तसे नाहीत, आठवडेच्या आठवडे एकाच बाजूने येत राहतात, १५ ते २५ नॉट (म्हणजे ताशी तेवढे सागरी मैल). आणि एअरलीहून व्हाइटहेवनच्या दक्षिण टोकाला जायचं म्हणजे आधी बेटाला दक्षिणेकडून वळसा घालायला आग्नेयेच्या अंगानेच जायचं. म्हणजे वाऱ्याच्या तोंडातच. कुठलंही शीड वाऱ्याच्या नाकासमोर चालत नाही, नागमोडी जावं लागतं, आणि संध्याकाळी साडेपाचला परतायचं असेल तर तेवढा वेळ नसतो. म्हणून इंजिन. कंपनी फसवत नाही, भूगोल फसवतो. (जाहिरातीबद्दल मात्र सहमत.)

परतीला तोच वारा पाठीमागून. मग इंजिन बंद, सगळी शिडं वर, आणि बोट लाटांबरोबर चालते, लाटांवर आपटत नाही. पोटातलं ढवळणंही बहुतेकांचं तिथे थांबतं. तेव्हा तुमच्या आईंना जाताना त्रास होईल, येताना नाही, असं धरून चाला. मोटरबोटीला हा फरक फारसा नाही, ती दोन्ही वेळा आपटतेच.

आणखी दोन गोष्टी. बाहेर ग्रेट बॅरियर रीफ आडवी असल्यामुळे महासागराची मोठी लाट आत येत नाही. आत असते ती वाऱ्याने उठलेली आखूड, टोचरी लाट. मात्र व्हिट्संडे आणि हेझलवूड या बेटांच्या मधून जाणारी सोलवे नावाची एक खिंड आहे. तिथे भरती-ओहोटीची ओढ वाऱ्याच्या उलट असली की पाणी उकळल्यासारखं होतं. पंधरा-वीस मिनिटांचा मामला असतो. आईंना आधी सांगून ठेवा, अचानक आलं की जास्त लागतं.

बसायला जागा: मागच्या बाजूला, मधोमध, उघड्यावर. नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, जाऊ देऊ नका, तिथे डोलणं सगळ्यात जास्त. आत छताखाली तर अजिबात नको. लोक त्रास व्हायला लागला की आत जाऊन आडवे होतात, आणि तिथेच संपतात. नजर क्षितिजावर. मोबाइल पर्समध्ये.

अंदाज २५ नॉटच्या वर दाखवत असेल तर तारीख पुढे ढकला. मुक्कामाचा पहिलाच दिवस सफरीला ठेवा म्हणजे ढकलायला दिवस उरतात.

---

पाटावरवंटा (५ जून, दुपारी ३:०५)

सुकाणू, काय सुंदर समजावलंत!

गोळीबद्दल: भारतातून येणारे अ‍ॅव्होमिन आणतात, इथल्या औषधांच्या दुकानातही बोट लागण्याच्या गोळ्या मिळतात. पण ७० च्या पुढे या गोळ्यांनी झोप, भोवळ, तोंडाला कोरड असं होतं. काचबिंदू किंवा रक्तदाबाचं औषध चालू असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय मुळीच नको. आणि गोळी निघायच्या तासभर आधी घ्यायची असते. उलटी सुरू झाल्यावर घेतली तर ती उलटीबरोबर जाते, हा स्वानुभव.

माझ्या सासूबाईंचा उपाय आलेपाक. वडी गालात धरून ठेवायची. पुण्याहून आणलेला होता, विमानतळावर कार्डावर रीतसर लिहून दाखवला, साहेबांनी उलटसुलट पाहिला नि परत दिला. लपवून आणू नका, दंड मोठा असतो.

रिकाम्या पोटी पाठवू नका. कोरडा टोस्ट, केळं. चहा नको. चहा नको म्हटल्यावर आई कितपत ऐकतील ते तुम्ही जाणता.

---

उंडगा (५ जून, रात्री ८:४०)

शार्क?

---

ब्रिस्बेनकर (५ जून, रात्री ९:१५)

@उंडगा, एका शब्दाचा प्रतिसाद आणि धाग्यावर दहशत :)

२०१८ साली सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये तीन हल्ले झाले होते, एक माणूस गेला. तिन्ही सिड हार्बरमध्ये. ते त्याच बेटाच्या दुसऱ्या, पश्चिमेच्या बाजूला आहे, बोटी रात्री नांगरतात ती जागा. तिथे पोहू नका अशा पाट्या आहेत. दिवसाच्या सफरी तिथे पोहायला थांबत नाहीत.

खरी काळजी जेलीफिशची. नोव्हेंबर ते मे हा त्यांचा हंगाम. बॉक्स जेलीफिश आणि दुसरी इरुकांजी, नखाएवढी, पाण्यात दिसतच नाही. हंगामात अंगभर लायक्राचा सूट घालूनच पाण्यात उतरायचं. किनाऱ्यांवर व्हिनेगरच्या बाटल्या ठेवलेल्या असतात, त्या डंखावर ओतायला, सॅलडसाठी नाहीत. जुलैत धोका बराच कमी, पण सूट तेव्हाही देतात, पाणी गार असतं म्हणून घालावासा वाटतो.

---

तिरफळ (६ जून, सकाळी ११:३०)

अवांतर आहे पण राहवत नाही. व्हाइटहेवनची ती वाळू ९८ टक्क्यांहून जास्त सिलिका आहे. म्हणून इतकी पांढरी, आणि म्हणूनच उन्हात पाय भाजत नाहीत. गंमत म्हणजे त्या बेटांचे दगड तसे नाहीत, ज्वालामुखीचे आहेत. वाळू दुसरीकडून, समुद्राच्या प्रवाहांबरोबर फार फार जुन्या काळी येऊन पडलेली.

मी कणकवली तालुक्यातला. आमच्याकडे कासार्ड्याला सिलिका वाळू निघते, काचेला आणि ओतकामाला जाते. लहानपणी ट्रक गेला की रस्त्यावर पांढरी रेघ पडायची. तिकडे मूठभर उचलली तर दंड, इकडे डोंगरच्या डोंगर वजनकाट्यावर. असो. जास्त बोललो तर धागा भरकटेल.

---

शिलालेख (६ जून, रात्री १०:०५)

मीही थोडा भरकटवतो. 'निर्मनुष्य' हा शब्द धाग्यात चारदा येण्याआधीच टोकतो.

व्हिट्संडे आज निर्मनुष्य आहे, पूर्वी नव्हतं. ही बेटं म्हणजे मुळात मुख्य भूमीवरच्या टेकड्यांचे माथे. हिमयुग सरलं, समुद्र वर चढला, खालची मैदानं बुडाली. इथले मूळनिवासी न्गारो लोक तेव्हापासून तिथे होते. शेजारच्या हुक बेटावर नारा इनलेटमध्ये त्यांची गुहाचित्रं आहेत आणि सुमारे ९,००० वर्षांच्या वस्तीच्या खुणा. एका बेटावरून दुसऱ्यावर होडीने जाणारे, कासव मारणारे, साउथ मोले बेटावर दगडाची हत्यारं घडवणारे लोक. १९ व्या शतकात गोऱ्यांनी लाकडासाठी बेटं तोडायला घेतली, सिड हार्बरला लाकूड कापायची गिरणी निघाली, आणि नेटिव्ह पोलिसांच्या (गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाताखालचं मूळनिवासी शिपायांचं दल) बंदुकांपुढे न्गारो विखुरले गेले. आज त्यांचे वंशज आहेत, बेटांवरच्या पायवाटांना न्गारोंचं नाव आहे. पण बेट निर्मनुष्य 'असतं' आणि 'केलं जातं' यात फरक आहे.

आणि एक कोकणी मंडळींसाठी. कॅप्टन कुक जून १७७० मध्ये या बेटांमधल्या सामुद्रधुनीतून गेला तेव्हा त्याने एका बेटाच्या वाळूवर दोन माणसं आणि एक होडी पाहिली. तोवर त्या किनाऱ्यावर पाहिलेल्या होड्यांपेक्षा मोठी नि वेगळ्या बांधणीची, असं त्याने रोजनिशीत नोंदवलं. होडीला काय होतं माहितेय? उलांडी. आपल्या मालवणात तोल सांभाळायला होडीला जे लाकूड बाजूने जोडतात, तेच.

त्याच कुकने त्या दिवशी ख्रिस्ती पंचांगातला व्हिट संडे आहे म्हणून सामुद्रधुनीला तसं नाव दिलं. पश्चिमेच्या दिशेने जात जात पृथ्वीला वळसा घालून आल्यामुळे त्याच्या बोटीची तारीख एक दिवस मागे होती. म्हणजे तिथे खरा वार सोमवार. सगळ्या बेटांचं नाव एका चुकलेल्या वारावर.

---

मोरावळा (७ जून, सकाळी ९:००)

शिलालेख, क्या बात! उलांडीचं माहीत नव्हतं.

आणि कॅटामरान शब्दसुद्धा आपल्याच बाजूचा बरं का. तमिळ कट्टुमरम, बांधलेली लाकडं. आता गेटवे ते मांडवा जी कॅटामरान जाते तिला ना बांधलेली लाकडं, ना शीड. नाव तेवढं राहिलंय, आणि वडापाव.

---

केळफूल (७ जून, रात्री १०:४५)

सगळ्यांचे मनापासून आभार. कॅटामरान, दक्षिण टोक, मुक्कामाचा पहिलाच दिवस. बुकिंग केलं. नवऱ्याला सुकाणू यांचा प्रतिसाद वाचून दाखवला, 'कंपनी फसवत नाही, भूगोल फसवतो' यावर तो हसला आणि हरला.

आईला विचारलं. म्हणाली, 'शिडाची? गलबतासारखी? मग तांडेल कोण?' तिला अजून खरं वाटत नाहीये की लोक पैसे देऊन हे करतात.

---

केळफूल (१६ जुलै, रात्री ११:२०)

जाऊन आलो. वृत्तांत द्यायचा राहिला होता.

वारा १८ नॉट होता. आईला बोट लागली का? लागली. दोन वेळा. गोळी डॉक्टरांनी नको सांगितली होती, त्यामुळे आलेपाक आणि मागच्या बाजूची मधली जागा एवढीच शस्त्रं. पहिला तास ती बाकाची कड धरून हॅमिल्टन बेटाच्या इमारतींकडे रागाने बघत बसली होती. सोलवे खिंडीत सुकाणू म्हणाले तसं पाणी खरंच उकळत होतं. पिशवी आधीच हातात दिली होती. तिने ती वापरली, नीट गाठ मारून माझ्या हातात दिली, चूळ भरली आणि म्हणाली, 'पुढची दे.' बोटीवरच्या एका मुलीने थंड ओला नॅपकिन आणून मानेवर ठेवला. आईने तिला मराठीत आशीर्वाद दिला, लग्नाचाही. धाकटा हिरवा पडला होता पण त्याने दाद दिली नाही, कारण आजी जागेवरून हलली नव्हती.

खिंड संपली, बोट बेटाच्या आडोशाला वळली आणि डोलणं कमी झालं. नांगर पडला. किनाऱ्याला धक्का नाही, त्यामुळे मोठ्या बोटीतून छोट्या रबरी होडीत उतरायचं, आणि होडीतून गुडघाभर पाण्यात. मला याच जागेची धास्ती होती. गुडघा, हलणारी होडी, वर पायरी खाली पायरी. आई शिडीपाशी आली, खाली पाहिलं आणि म्हणाली, 'हा तर पडाव!'

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हर्णैला आगबोट किनाऱ्याला लागायची नाही, दूर उभी राहायची. पडावातून माणसं, फणस, ट्रंका, कोंबड्या सगळं बोटीपर्यंत न्यायचे. पडाव लाटेने वर आला की त्याच क्षणी पाय टाकायचा, खाली गेल्यावर टाकला की मेलात. हे तिला सात-आठ वर्षांची असताना शिकवलेलं. होडीवाला पोरगा हात पुढे करून उभा होता. तिने त्याला थांबवलं, दोन लाटा जाऊ दिल्या, तिसरीला पाय टाकला. गुडघा कुठे गेला होता देव जाणे. मी मात्र दुसऱ्या लाटेला टाकला आणि बसकण मारली.

वाळूबद्दल काय लिहू? फोटोत दिसते तशीच आहे. आई वाकली, चिमटीत घेतली, अंगठा नि तर्जनी चोळली आणि लगेच म्हणाली, 'अगं ही तर रांगोळी.' आणि खरंच तशीच. इतकी बारीक, चिमटीतून रेघ सुटावी अशी. पायाखाली करकर वाजते. तिने तिथे ओल्या वाळूवर गोपद्मं काढली, ओळीने. धाकट्याने कॅमेरा वाळूत ठेवला, तो तेव्हापासून झूम होत नाही. कृपया आपापले फोन पिशवीतच ठेवा. मग तिने सोन्याच्या पाटल्या काढून वाळूने घासल्या, आणि त्या लखलखल्यावर बोटीवरच्या दोन जपानी बायकांनीही आपल्या अंगठ्या काढल्या. निळ्या पाण्याकडे तिने फारसं पाहिलं नाही. 'पाणी काय, पाणीच ते.'

जेवायच्या बाकांजवळ एक घोरपड आली. मीटरभराच्या वर लांब, ठिपक्यांची, तोऱ्यात. मुलांना तानाजीची गोष्ट सांगायचा मोह झाला, पण तेवढ्यात तिने कुणाचं तरी सॉसेज पळवलं.

जेवण: शाकाहारी आधी सांगून ठेवलं होतं, मिळालं. पण कांदा त्याच तव्यावर भाजतात ज्यावर बाकीचं. आईने सॅलड, पाव आणि डब्यातलं मेतकूट खाल्लं.

आता खरं सांगायचं ते परतीचं. खिंडीतून पुन्हा बाहेर आलो, बोट वळली. चार जण दोर ओढायला पुढे आले, मोठं शीड वर गेलं, मग पुढचं. आणि कप्तानाने इंजिन बंद केलं.

सकाळपासूनची ती घरघर एकदम थांबली. नुसता पाण्याचा आवाज. आणि आई उठली. पिशवी काखेला मारली, चपला पायात सरकवल्या, पदर समजून ओढणी खोचली, माझ्या मुलाचा हात धरला. मी विचारलं, कुठे? तर म्हणाली, 'बंदर आलं ना?'

आगबोटीचं इंजिन थांबायचं ते बंदर आलं की. दाभोळ, हर्णै. आवाज थांबला की बायका मुलं गोळा करायच्या. साठ-बासष्ट वर्षांनी तिच्या हातांनी ते आपोआप केलं. मी शिडाकडे बोट दाखवलं. तिने मान वर करून डोलकाठीच्या टोकापर्यंत पाहिलं, बराच वेळ. मग बसली, पण पिशवी काही काखेतून काढली नाही.

दीड तास तिला पोटाचा काडीचा त्रास झाला नाही. चहासुद्धा प्यायली. मध्येच दूरवर देवमाशाने कारंजं सोडलं, जुलै-ऑगस्टात ते पिल्लं घालायला येतात. सगळी बोट एका बाजूला धावली. आई म्हणाली, 'बसा रे, बोट कलंडेल.'

---

सुकाणू (१७ जुलै, सकाळी ८:१५)

तिसऱ्या लाटेला पाय! आम्हाला हे शिकवायला क्लबात तीन शनिवार लागले. आईंना माझा नमस्कार सांगा.

---

घाटावरचा (१७ जुलै, सकाळी ९:३०)

मी माझा प्रतिसाद मागे घेत नाही. पण आईंच्या शेजारी जागा असेल तर पुढच्या वेळी मी येतो.

---

पाटावरवंटा (१७ जुलै, सकाळी १०:१०)

बंदर आलं ना, इथे मी ऑफिसात रडले. धन्यवाद हो.

---

वारुळ (१७ जुलै, दुपारी १२:४०)

आम्ही पुण्यात. ऑस्ट्रेलिया परवडत नाही. आपल्याकडे एका दिवसात जाऊन येण्यासारखं निर्मनुष्य बेट आहे का? शीड नसलं तरी चालेल.

---

तिरफळ (१७ जुलै, दुपारी ३:२५)

@वारुळ, शीड मिळणार नाही, पण बेट मिळेल. हर्णैसमोर सुवर्णदुर्ग आहे. वस्ती नाही, आत नुसती झाडी आणि पडके हौद. मच्छीमारांच्या होडीने जातात. धड धक्का नाही, उतरताना पाणी लागतंच, म्हणजे केळफूल यांच्या आईंचं तंत्र इथे थेट उपयोगी. जंजिऱ्याजवळच्या मुरुडसमोर पद्मदुर्ग, तोही रिकामा. दोन्हीकडे पावसाळ्यात होड्या बंद, आणि समुद्र कसा आहे ते पाहून होडीवाला ठरवेल तो शेवटचा शब्द. हुज्जत घालू नका. सिंधुदुर्ग सोपा आहे पण निर्मनुष्य नाही, किल्ल्यात कुटुंबं राहतात. थोडं लांब चालत असेल तर कर्नाटकात मलपेसमोर सेंट मेरीज बेटं, लाव्हाचे खांब उभे आहेत किनाऱ्यावर.

वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवर मात्र जाऊ नका. तिथल्या गुहांत पाकोळ्यांची घरटी आहेत. चोरट्यांनी एकेकाळी ती विकून खाल्ली, आता कुठे पाखरं सावरतायत.

---

मोरावळा (१७ जुलै, सायंकाळी ६:००)

केळफूल, एक शंका. एवढी रांगोळी पाहून आईंनी पुडी बांधून आणली नाही?

---

केळफूल (१८ जुलै, रात्री ९:०५)

@मोरावळा, बोटीवर तीनदा सांगतात, राष्ट्रीय उद्यान आहे, वाळू आणायची नाही. आईने प्रामाणिकपणे हात झटकले, पाय धुतले, पिशवी उलटी करून आपटली.

आज तिची ती सलवार मशीनमधून काढली. नेफ्यात नाडीबरोबर चांगली चमचाभर वाळू निघाली. ती आत्ता वाटीत, ओट्यावर आहे. आई म्हणते गुरुपौर्णिमेला दारात दोन बोटांची रेघ तरी ओढू. नवरा म्हणतो पार्सलने परत पाठव.

जाणकारांनी सांगावं, नेफ्यातली वाळू गुन्ह्यात धरतात का?